त्या दिवशी पट्ट्या बांधल्याच नाहीत
मी लिम्फोडिमाच्या, म्हणजे लिम्फ नावाचा शरीरातला द्रव साठून हात-पाय सुजतात त्या आजाराच्या, पेशंट्सची फिजिओथेरपी करते. परवा एक काकू आल्या मुलीला घेऊन, गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, ओटीपोटातले लिम्फ नोड्स (लिम्फ गाळणाऱ्या गाठी) काढलेले, वर रेडिएशन, आणि नंतर डावा पाय सुजत गेला. कुणीतरी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या महिनोन्‌महिने घेत होत्या आणि पाय तसाच. हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण या सुजेत नुसतं पाणी नसतं, प्रोटीन साठलेलं असतं, गोळीने पाणी थोडं कमी झालं तरी प्रोटीन तिथंच राहतं आणि परत पाणी ओढून घेतं.

काकूंना त्याच दिवशी बँडेजिंग सुरू करून हवं होतं. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघितली, उचललीच जाईना, म्हणजे लिम्फोडिमा पक्का. मग दोन्ही पायांची मापं घ्यायला लागले, दर ४ सेंटीमीटरवर टेप लावून, आणि नडगीपाशी आले तर हाताला चटका बसावा इतका पाय गरम. लालसर पट्टा वर चढत चाललेला. विचारलं तर म्हणाल्या, "रात्री थंडी वाजली गं जरा, दगदगीने असेल."

बोटं एकेक फाकवून बघितली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी झालेली आणि मधोमध बारीकशी चीर. जंतू बहुतेक तिथूनच शिरले असणार.

टेप बाजूला ठेवला आणि सांगितलं की आज मालिश नाही, पट्ट्या नाहीत, आधी डॉक्टर. काकूंचे डोळे भरले, मुलगी म्हणाली, "ताई, एवढं लांबून आलोय, थोडं तरी करा ना." वाईट वाटलं, पण सेल्युलायटिस, म्हणजे कातडीतलं असं जंतूंचं इन्फेक्शन, असताना मालिश-पट्ट्या सुरू करायच्या नसतात, आणि असा प्रत्येक अटॅक उरल्यासुरल्या लिम्फच्या नळ्याही खराब करतो, मग सूज अजून वाढते आणि पुढचं इन्फेक्शन अजून सहज होतं. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून दिली, रेघेबाहेर गेली तर लगेच कळावं म्हणून, आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं.

डॉक्टरांकडे जायच्या आधी मुलीला बसवून सगळं दाखवलं. पाय धुतला की बेचकं न बेचकं कोरडं करायचं, फंगसचं क्रीम डॉक्टर देतील ते तिथंच लावायचं, बाकी पायाला मॉइश्चरायझर, नखं सरळ कापायची, अनवाणी फिरायचं नाही, घरी पाय उंचावर ठेवायचा. ऑपरेशननंतर हे कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना! पेशंट पायाला हवेने दाब देणाऱ्या पंपाच्या मशीनबद्दल आधी विचारतात, पण बेचकं कुणी बघत नाही.

ताप उतरला, पाय निवला, डॉक्टरांनी हो म्हटलं, मग आम्ही पट्ट्या सुरू केल्या. आधी पॅडिंग, मग कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या बोटांपासून मांडीपर्यंत, आणि पट्ट्या असतानाच चालणं नि घोट्याचे व्यायाम, कारण स्नायू पट्टीवर दाबले गेले की लिम्फ पुढे सरकतो. घोट्याचं हाड दिसायला लागलंय आता. गारमेंटचं, म्हणजे पट्ट्यांनंतर घालायच्या दाब देणाऱ्या घट्ट मोज्याचं, माप मात्र अजून घेतलेलं नाही, काकू रोज विचारतात, पण सूज उतरत असताना घेतलं तर ते थोड्याच दिवसांत सैल होईल.