१०८ सुयांची गोधडी : वीस-वीस मिनिटांच्या नोंदी

काम : लहान मुलाची गोधडी, ९२ × १२२ सेंटिमीटर. खाली जुन्या सुती सहावारीचे तीन थर, वर ठिगळांचा चौथा. हातशिलाई, कडेकडून आत येणारा धावदोरा, दोन फेऱ्यांमध्ये दोन सेंटिमीटर अंतर.
मोजमाप : १०८ ‘सुया’. एकदा ओवलेला दोरा संपेपर्यंतची शिलाई म्हणजे एक सुई.
मुदत : १२ आठवडे.
वेळ : पोरं झोपल्यावरची वीस मिनिटं, आठवड्यातून चार रात्री. रविवारी दुपारी जमला तर एक तास.

घरात लहान मूल असताना वीस मिनिटं मिळतात, पण त्यातली निम्मी सामान मांडण्यात जातात. मशीनचं कव्हर काढा, बॉबिन भरा, कात्री शोधा, मागच्या खेपेला कुठे थांबलो होतो ते आठवा, तोवर आतून हाक येते. त्यामुळे या नोंदींत टाक्यांइतकंच लक्ष थांबायच्या जागांकडे दिलं आहे. काम उचलल्यापासून एका मिनिटात पहिला टाका पडला पाहिजे, ही एकच अट पहिल्या दिवसापासून पाळली.

आठवडा १ : कापड

सहावारी साधारण साडेपाच मीटर. तिचे १३० सेंटिमीटरचे तीन तुकडे केले की दीड मीटरहून जास्त उरतं. फॉल आधी उसवायचा आणि जरीचे काठ कापून बाजूला काढायचे. जरी मुलाच्या अंगाला टोचते, तिच्यातून सुई नीट जात नाही, शिवाय काठ आणि अंग धुतल्यावर सारखे आटत नाहीत, मग कडेला लाटा येतात. प्रत्येक तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरून बघा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तो मधल्या थराला घ्या. तळाला सगळ्यात दणकट तुकडा.

तळाचा थर १०० × १३०, मधले दोन ९२ × १२२. तळाचा जो चार-चार सेंटिमीटर भाग बाहेर राहतो तोच पुढे दुमडून पट्टी होते, वेगळी पट्टी कापावी लागत नाही.

ठिगळं ४८ : सहा उभ्या रांगा, आठ आडव्या. शिवून १५ सेंटिमीटरचा चौकोन हवा, चारी बाजूंना एक सेंटिमीटर माया (शिवणीसाठी सोडलेली कड), म्हणून कापायचे १७ चे. तोकडी झालेली झबली, फ्रॉक, शर्ट यातलं फक्त सुती कापड घ्या. होजिअरी ताणली जाते आणि शेजारचं ठिगळ वाकडं करते. नवं कापड घेणार असाल तर आधी धुऊन आटवून घ्या. लाल आणि गडद निळ्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते ठिगळ बाद, कितीही आवडतं असलं तरी.

कापणीचं काम तुकड्या-तुकड्यांनी उत्तम होतं. पुठ्ठ्याचा १७ चा एक चौकोन करून ठेवला की एका बैठकीत दहा-बारा ठिगळं निघतात.

आठवडा २ : ठिगळांची जोडणी

एवढंच काम मशीनवर. मशीनचा आवाज रात्री चालत नाही, म्हणून ते रविवारच्या तासाला ठेवलं. रात्रीच्या बैठकींत फक्त ठिगळांची मांडणी, जोड्या लावणं आणि चिठ्ठ्या टाचणं. मांडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जमिनीवर मांडलेली ४८ ठिगळं सकाळपर्यंत तशीच राहतील असं समजू नका.

जोड्या २४. एक जोडी शिवून झाली की दोरा न कापता लगेच दुसरी मशीनच्या पायाखाली सरकवायची, अशी माळ करायची. प्रत्येक जोडीला दोरा ओढणं आणि कापणं वाचतं, आणि मध्येच उठावं लागलं तरी माळ मशीनला लटकलेली राहते. परत आलं की पुढची जोडी घालायची. मध्यम सुती कापडाला १४ नंबरची सुई.

इथली नेहमीची चूक मायेत होते. प्रत्येक शिवणीला माया दोन मिलिमीटर जास्त गेली तर दोन्ही ठिगळांचे मिळून चार मिलिमीटर कमी होतात. सहा ठिगळांच्या रांगेत पाच शिवणी, म्हणजे रांग सरळ दोन सेंटिमीटर आखूड. मग एक रांग दुसरीला बसत नाही, आपण ती ओढून बसवतो आणि गोधडीला पोट येतं. उपाय सोपा : सुईपासून बरोबर एक सेंटिमीटरवर मशीनच्या पत्र्याला चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा.

इस्त्री करताना एका रांगेची माया डावीकडे, पुढच्या रांगेची उजवीकडे पाडा. चार ठिगळं मिळतात त्या चौकात सगळ्या माया एकाच बाजूला आल्या की तिथे कापडाचा गठ्ठा होतो आणि पुढे हातशिलाईत सुई त्याच जागी अडते.

आठवडा ३ : थर लावणं आणि कच्चे टाके

या पायरीला तासभर सलग हवा, तो जुळवाच. तळाचा थर उलटा अंथरून चारी कोपरे चिकटपट्टीने फरशीला लावायचे, पण ताणायचा नाही. ताणून लावलेला थर सोडल्यावर आक्रसतो आणि वरचे सैल पडतात. त्यावर मधले दोन, वर ठिगळांचा. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सपाट करायचा.

टाचण्या किंवा सेफ्टी पिना लावून काम सुरू ठेवू नका. ही गोधडी तीन महिने घरात फिरणार आहे, घडी होणार आहे, तिच्यावर कोणीतरी येऊन लोळणार आहे. म्हणून कच्चे टाके : पांढरा दोरा, चार-पाच सेंटिमीटरचे लांब टाके, मध्यापासून सुरुवात करून आधी अधिकचं चिन्ह आणि मग दर दहा सेंटिमीटरला एक ओळ. शेवटी तळाची कड दोनदा दुमडून दोन सेंटिमीटरची पट्टी पुढे आणायची आणि तीही कच्ची धरून ठेवायची.

आठवडा ४ : हिशेब आणि पहिल्या १२ सुया

पट्टीच्या आतल्या कडेवरची पहिली फेरी ८८ × ११८ ची, म्हणजे ४१२ सेंटिमीटर. प्रत्येक पुढची फेरी १६ सेंटिमीटरने लहान. बावीस फेऱ्यांत मध्य गाठतो. एकूण शिलाई जवळपास ५४ मीटर.

पाऊण मीटर दोरा ओवला की गाठ, शेवट आणि कापडात जाणारी लांबी वजा करून अर्धा मीटर शिलाई होते. दोरा त्याहून लांब घेतला तर पिळे पडतात, गुंता होतो आणि नेढ्यापाशी घासून तो विरतो. म्हणजे १०८ सुया. सवयीच्या हाताला चार थरांतून एक सुई संपवायला आठ-दहा मिनिटं लागतात. रात्रीच्या दोन, रविवारच्या चार, आठवड्याला १२ आणि नऊ आठवडे. दोरा ८१ मीटर लागेल, शंभर मीटरचं जाड सुती रीळ पुरतं. भरतकामाचा सहा पदरी दोरा वापरायचा असेल तर तीन-तीन पदर वेगळे करा. आठ मीटरच्या लडीतून सोळा मीटर निघतो, लड्या सहा घ्या.

सुयांत मोजण्याचं कारण असं. फेऱ्यांत मोजलं तर पहिली फेरी आठ सुया खाते आणि शेवटची दीड. महिनाभर रोज बसूनही ‘बावीसपैकी पाचच’ असं दिसतं आणि गोधडी कपाटावर जाते. प्रत्यक्षात त्या पाच फेऱ्यांत एक तृतीयांशाहून जास्त शिलाई झालेली असते, आणि आठवी फेरी संपते तेव्हा निम्मं काम ओलांडलेलं असतं. गोधडी अर्धवट सुटण्याची भीती याच टप्प्यावर, चौथ्या-पाचव्या फेरीत असते. भिंतीवर १०८ चौकोनांचा कागद लावून दर सुईला एक चौकोन रंगवा. रंगवायला मुलं आनंदाने येतात.

ओवण्यासाठी वेगळी सोय करा. रिळाच्या दोऱ्यात एकदम दहा सुया ओवून ठेवायच्या, माळेसारख्या. लागेल तेव्हा पहिली सुई पाऊण मीटर पुढे ओढायची, बाकीच्या मागे सरकवायच्या, दोरा कापायचा. रात्रीच्या मंद दिव्यात नेढं शोधत बसावं लागत नाही. दहा सुया मोजून काढायच्या आणि डबा बंद करताना दहा मोजून ठेवायच्या. नऊ भरल्या तर दहावी सापडेपर्यंत मुलाला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. यात सूट नाही.

टाका चार-पाच मिलिमीटरचा. एका वेळी सुईवर तीन-चार टाके घ्या आणि मग ओढा. मधल्या बोटाला अंगुस्तान (सुई ढकलायची बोटावरची टोपी) हवंच. सुरुवातीची गाठ बारीक करून वरच्या कापडातून हलका झटका देऊन आत ओढून घ्या, ती थरांत लपते. बाहेर राहिलेली गाठ धुण्यात सुटते.

आठवडा ५ : एकूण २४ सुया

हाक कधीही येते. दोरा संपल्यावर थांबणं सगळ्यात चांगलं. मध्येच उठायचं झालं तर सुई फेरीवर सोडायची नाही. घडीत ती दिसत नाही आणि उचलताना हातात घुसते. एक कोपऱ्यातलं लाल ठिगळ सुईचं घर ठरवून टाका. सुई तिथे दोनदा आत-बाहेर टोचायची, दोऱ्याचा ताण सैल ठेवायचा. डोळे मिटूनही ती कुठे आहे ते कळतं.

आठवडा ६ : ३४ सुया, दोन उसवल्या

मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात चुणी. उसवून पाहिलं तर त्या कोपऱ्यात कच्च्या टाक्यांच्या ओळींत दहाऐवजी वीस सेंटिमीटर अंतर राहिलं होतं. हातातला धावदोरा वरचा थर सतत थोडा पुढे ढकलतो. खालचा मोकळा असेल तर तो मागे राहतो आणि साचतो. जवळच्या दोन सुया उसवून, कापड सपाट करून, मधली कच्ची ओळ घातली. चुणीवरूनच पुढे शिवलं असतं तर ती प्रत्येक आतल्या फेरीत वाढत गेली असती. दर दोन सुयांनंतर गोधडी उलटून मागून हात फिरवायची सवय इथून लावली. दहा सेकंदांचं काम आहे.

बाहेरची पिशवी

गोधडी घराबाहेर नेता येत नाही. शिकवणीबाहेर, दवाखान्यात, पोहण्याच्या वर्गाबाहेर मिळणाऱ्या वेळेसाठी दुसरं काम वेगळ्या पिशवीत तयार हवं. पाच मिनिटांसाठी क्रोशे सर्वांत सोयीचं, कारण आकडीवर एकच फास जिवंत असतो. त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम कुठेही सोडा.

विणकाम ओळ संपल्यावरच ठेवायचं. ओळीच्या मध्ये ठेवावंच लागलं तर परत घेताना एवढंच बघा : लोकर ज्या सुईवरून लोंबते ती उजव्या हातात. उलटं धरलं तर आपण आलो त्याच वाटेने परत विणत जातो, आणि तिथे पडलेलं भोक चार ओळी पुढे गेल्यावर दिसतं. पिशवीत सध्या मुलाची टोपी आहे, आठ नंबरच्या म्हणजे चार मिलिमीटरच्या सुयांवर. दहा सेंटिमीटरला २० टाके येत असतील तर ८८ टाके म्हणजे ४४ सेंटिमीटर. दोन सुलट दोन उलट ताणत असल्याने पन्नासच्या डोक्याला ती नीट बसते. हात घट्ट असेल आणि २२ टाके येत असतील तर तीच टोपी ४० ची होते आणि कपाळावर वळ उठवते. आधी नमुना विणून मोजा.

आठवडे ७ ते १० : ८० सुया

आठवी फेरी आठव्या आठवड्यात संपली. दहाव्यात मुलांच्या परीक्षेमुळे फक्त दहा सुया झाल्या. पुढच्या आठवड्यावर त्या दोन ढकलल्या नाहीत, मुदत दोन दिवसांनी वाढवली. राहिलेलं काम भरून काढायला रात्री अकरानंतर बसलं की टाके वाकडे जातात आणि सकाळी उसवावे लागतात.

आठवडा ११ : मधला फुगा

सोळाव्या फेरीला मध्यात वरच्या थराचा फुगा उठला. कडेकडून आत येताना ढकललेलं कापड शेवटी मध्यात जमतं, थोडा फुगा येणारच. बोटाच्या जाडीहून कमी असेल तर टाके बारीक करून, अंतर दीड सेंटिमीटर घेऊन तो विरवता येतो. इथे जास्त होता. त्या फेरीच्या दोन सुया उसवल्या, फुगलेली जादा घडी ठिगळाच्या शिवणीलगत दाबून आत टाचली आणि वर काठाचा एक चौकोन लावला. काठ विनाजरीचा होता. कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या कवंदी नावाच्या गोधडीच्या कोपऱ्यांवर घडीच्या तुकड्यांची ‘फुलं’ लावतात. अशी भर कारागिरीचाच भाग असते, तिला डाग समजून लपवू नका.

आठवडा १२ आणि दोन दिवस : पूर्ण

एकूण ११३ सुया. जादा पाच : दोन चुणीच्या, दोन फुग्याच्या, एक दोरा मध्येच तुटला त्याची. कच्चे टाके शेवटीच काढायचे, मध्यापासून. एकेक ओळ कापून ओढायची, सबंध लांब दोरा खेचला तर धावदोराही सोबत येतो.

पहिली धुलाई गार पाण्यात, हाताने, पिळून नाही तर दाबून. वाळवताना दोरीवर एका टोकाने लटकवू नका. ओल्या चार थरांचं वजन टाक्यांवर येतं. दोन दोऱ्यांवर आडवी टाका किंवा खाटेवर पसरा. एका उन्हात आतला थर वाळत नाही, दुसरं ऊन द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सैल पांघरूण घालायचं नसतं, तेव्हा बाळ लहान असेल तर ती जागेपणी खेळायला खाली अंथरा.

उरलेल्या दीड मीटर सहावारीतून उशीचे दोन अभ्रे निघतील. माप घेऊन पिशवीत ठेवलं आहे.