मतलई वाऱ्याच्या वेळा

गोव्यातल्या पेडण्यात राहायला आल्यापासून माझ्या लेखनाच्या वेळा समुद्र ठरवतो. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा लाटेचा माथा किंचित थोपवून धरतो, त्यामुळे ती उशिरा आणि नीटस फुटते. दुपारकडे खारा वारा सुटला की पाणी विस्कटते आणि मी सर्फिंगची फळी काखेत मारून टेबलाकडे परततो. आश्वे आणि मांद्रे येथे तळ वाळूचा असल्याने नवशिक्याचे पडणे निभावते, मात्र पावसाळ्यानंतर पाण्याखालचे वाळूचे दांडे जागा बदलतात आणि ओळखीची लाट पुन्हा शोधावी लागते.

पहिल्याच हंगामात फळीखालचा फिन, म्हणजे दिशा सांभाळणारे पाते, माझ्या पोटरीत घुसला आणि चार टाके पडले. वर्षभर रखडलेली कथा त्या सक्तीच्या बैठकीतच पूर्ण झाली, हे कबूल केले पाहिजे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली सर्फिंगचा प्रथमच समावेश झाल्यापासून शेजारी मला थोडे कमी उनाड समजतात.

पाण्यातला बहुतेक वेळ खरे तर वाट पाहण्यात जातो. दूरच्या वादळात उठलेली लाट शेकडो किलोमीटर येते तेव्हा पाणी फारसे पुढे सरकत नाही, सरकते ती ऊर्जा. तिच्याकडे पाहत फळीवर बसलो असताना मला अडलेली वाक्ये सुचतात आणि लिहायला हाताशी काहीच नसते. किनाऱ्यावर येईपर्यंत त्यांतली निम्मी विसरलेली असतात. उरलेली मी ओल्या बोटांनीच वहीत उतरवतो, म्हणून माझ्या वहीच्या पानांना पाय घसरू नये म्हणून फळीवर लावलेले मेण आणि वाळू चिकटलेली असते.