कारवारचे डॉल्फिन पाहायला जाताय? हिरवा लेझर घरीच ठेवा

बेळगावहून आम्ही खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असे कारवारला गेलो. रस्ता जंगलातला आणि वळणावळणांचा, तेव्हा पहाटेच निघा, डबा-पाणी बरोबर घ्या. पावसाळ्यात हा घाट टाळा, दरडी येतात.

होडी कोडीबागला मिळते. काळी नदीच्या मुखातून बाहेर पडून तांडेलमामांनी मशीन बंद केलं आणि थोड्या वेळात पाण्यावर करडी पाठ आली, तिच्यावर उंचवटा आणि उंचवट्यावर छोटासा पर. हे कुबडवाले डॉल्फिन. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात, म्हणून माणसाचा त्रास यांनाच जास्त. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ते संकटग्रस्त आहेत.

परतताना अंधारून आलं होतं. शेजारच्या होडीतल्या एका मुलाने जत्रेत मिळतो तसला हिरवा लेझर काढला आणि डॉल्फिनच्या तोंडावरच धरला. मामा ओरडले, "बाळा, बंद कर आधी! डोळा जाईल त्याचा!"

मामांचं म्हणणं अगदी रास्त होतं. हा हिरवा प्रकाश बहुधा ५३२ नॅनोमीटरचा असतो आणि पाण्यात तो चांगला शिरतो. विमानातून समुद्रतळ मोजायला म्हणूनच हा रंग वापरतात. डोळ्याचं भिंग तो पडद्यावर एका ठिपक्यात गोळा करतं. डॉल्फिनच्या पडद्यामागे चकाकता थर असतो, तो आलेला प्रकाश पुन्हा पडद्यावर परतवतो. भर उन्हात त्याची बाहुली आक्रसते, संधिप्रकाशात मात्र मोठी उघडते. म्हणजे लेझर मारायची हौस येते, नेमक्या त्याच वेळी डोळा सर्वांत उघडा.

"एक मिलिवॉटचाच आहे" असं कुणी म्हणेल. एक मिलिवॉटपर्यंत सुरक्षित ही मर्यादा माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो हे धरून ठरवलेली आहे, डॉल्फिनसाठी नाही. शिवाय स्वस्त पेनावर छापलेला आकडा खरा असेलच असं नाही, आणि आत गाळणी नसेल तर न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात. संशोधकसुद्धा लेझर वापरतात, पण ठरावीक अंतरावरचे दोन समांतर ठिपके पाठीच्या परावर टाकून माप घेण्यापुरते. डोक्याकडे कधीच नाही.

होडी ठरवतानाच सांगा: डॉल्फिनच्या मागे लागायचं नाही, मशीन बंद ठेवून थांबायचं. सकाळची फेरी घ्या, पाणी शांत असतं. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोरांना त्यांच्या मापाचं. जवळच नौदलाचा तळ आहे, ड्रोन आणू नका. आणि कुणी लेझर काढलाच, तर तांडेलांना लगेच सांगा. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे, हे त्यांना ठाऊक असतं.