कोरड्या केसांवर कात्री

आज माझे कुरळे केस कापले. मागून चांगली चार बोटं लांबी गेली, तरी केस कमी झाल्यासारखे वाटत नाहीत, उलट भरगच्च दिसतायत. संध्याकाळपासून माझा हात सारखा मानेमागे जातोय.

कापणारीने आधीच बजावून ठेवलं होतं की केस धुऊन, पूर्ण वाळवून, मोकळे सोडून यायचं. गुंता काढलेला हवा आणि बांधलेले तर मुळीच नकोत, कारण रबरबँडचा दाब पडला की बटांचं खरं वळण दिसत नाही. गेल्यावर तिने पाण्याची बाटली उचललीच नाही. बराच वेळ नुसती चारी बाजूंनी बघत होती. मग कानामागची एक बट चिमटीत धरून हलकेच खाली ओढली आणि सोडली. ती टुणकन वर गेली. टाळूवरची ओढली, ती जरा आळसावून परतली. माझ्या कानामागच्या बटा पेनातल्या स्प्रिंगसारख्या घट्ट आहेत, टाळूवर नुसत्या लाटा, आणि मानेवर यांच्या मधलं काहीतरी. हे मला रोज आरशात दिसतं. पण कात्री हातात घेण्याआधी कुणी ते एवढं निरखून पाहिलं, याचंच मला फार बरं वाटलं.

केसांच्या प्रकारांना आकडे देण्याची एक पद्धत आहे, ऑप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांच्या नावाने ओळखली जाते. 2 म्हणजे लाटा, 3 म्हणजे कुरळे, 4 म्हणजे अगदी घट्ट वेटोळी, आणि त्यात पुन्हा ए, बी, सी. त्या हिशेबाने माझ्या डोक्यावर 2 सी पण आहे आणि 3 बी पण. म्हणून 'तुमचा नंबर कुठला' या प्रश्नाला मी आता एक उत्तर देत नाही.

आणि म्हणूनच ओले केस कापण्यावर माझा अजिबात विश्वास नाही. केस भिजले की आतल्या केराटिन या प्रथिनाला आकारात धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात, बट सैल होऊन लांबते. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात आणि बट वर चढते. घट्ट बट जास्त चढते, सैल बट कमी. फार घट्ट केस तर वाळल्यावर निम्म्याहूनही आखूड दिसू शकतात. मग ओल्या केसांवर कितीही सरळ रेघ मारली तरी ती वाळेपर्यंतच टिकणार. इतकी वर्षं मी सलॉनमधून डोक्यावर त्रिकोण घेऊन बाहेर पडत आले, वर चपटं, खाली फुगलेलं, ते यामुळेच. शिवाय 'फार दाट आहेत, थोडे विरळ करू' म्हणत ती दातेरी कात्री फिरायची. त्या कात्रीने आत आखूड झालेले केस बटेत सामावत नाहीत, सुटे होऊन बाहेर येतात आणि सगळं डोकं पिंजारल्यासारखं दिसतं. आज ती कात्री बाहेर आलीच नाही.

आज एकेक बट वेगळी धरून, तिच्या वळणाला धरून कापली. बटेबटेने कोरडे कापण्याची ही रीत न्यूयॉर्कच्या लोरेन मॅसी यांनी लोकप्रिय केली. वेळ खूप लागतो, पण प्रत्येक कात्रीनंतर काय झालं ते तिथल्या तिथे दिसतं. वरच्या बटा थोड्या आखूड केल्यावर त्यांचा भार हलका झाला आणि टाळूवरचे केस चक्क वर उचलले गेले.

कपाळावर बटा हव्यात हा माझा जुना हट्ट. तिने नाही म्हटलं नाही, पण पहिल्यांदा भुवयांच्याही खाली ठेवल्या. मग एक बट जेमतेम अर्धा सेंटिमीटर कापली, ती लगेच भुवईच्या वर जाऊन बसली! पुढचं आम्ही दोघींनी तिथेच थांबवलं. महिन्याला केस साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, कुरळ्यांत तेवढी वाढ तर कळतही नाही. घाईत आखूड झाल्या असत्या तर मला पुढचे कितीतरी महिने पिना लावून काढावे लागले असते.

उद्या डोकं धुणार. भरपूर कंडिशनर, ओल्या केसांतच मोठ्या दातांचा कंगवा, मग जेल लावून बटा मुठीत घेऊन खालून वर दाबायच्या आणि टॉवेलऐवजी जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपायचं. वाळेपर्यंत हात लावायचा नाही, हे मला सगळ्यांत जड जाणार आहे. कपाळावरच्या बटा वाळून कुठे बसतात ते बघून ठरवेन, अजून थोड्या कापायच्या की नाही.