तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत पहिली, मग नोकरीत मागे का?

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला, दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी हा प्रश्न हमखास येतो. "तुम्ही तर चौथीला, सातवीला दोन्ही स्कॉलरशिप मिळवलेल्या. मग ऑफिसात मागून आलेले पुढे कसे गेले?" विचारणाऱ्या बहुतेक आया असतात, आणि काळजी स्वतःच्या मुलांची असते. म्हणून एकदा नीट सांगते.

तेव्हा चौथीच्या स्कॉलरशिपला मराठी, गणित, बुद्धिमत्ता असे शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर असत. (मधली काही वर्षं ती परीक्षा पाचवीला आणि आठवीला होती.) निकाल लागला की वाणीसुद्धा "किती पडले गं?" विचारायचा. बाबा पेढे वाटायचे, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर सत्कार व्हायचा. शेजारच्या मुलीपेक्षा मला दोन गुण जास्त आहेत, हे मोठ्याने बोलायला कुणालाच संकोच वाटत नसे. आणि मला स्वतःला काहीच सांगावं लागत नव्हतं. प्रश्न दुसऱ्याने काढायचे, पेपर दुसऱ्याने तपासायचे, नावही दुसऱ्यानेच पुकारायचं.

नोकरी लागली आणि त्याच घरातून वेगळं ऐकू यायला लागलं. आपण काम करत राहावं, साहेबांना दिसत असतं. कुणाला पगार विचारू नये, आपला सांगू नये. स्वतःच्या कामाबद्दल बोलणारा तो 'पुढे पुढे करणारा'. ज्यांनी मला दहा वर्षं 'पुढे जा' म्हटलं, त्यांच्याच तोंडी हा शब्द शिवीसारखा यायचा.

मला तर हे उलटंच वाटतं. बोर्डात माझे नव्वद टक्के कुणाचे हिसकावून येत नव्हते; वर्गातल्या साठही जणांना नव्वद पडू शकले असते. तरी आम्ही एकमेकींपासून वह्या लपवल्या. ऑफिसात मात्र बेल कर्व्ह होता. दहा जणांच्या टीममध्ये वरची श्रेणी एक-दोघांनाच, बाकीच्यांनी कितीही चांगलं काम केलेलं असो. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही पद्धत सोडली, आमच्याकडे ती बरीच नंतर गेली. खरी चढाओढ इथे होती, आणि इथेच तिचं नाव काढायचं नव्हतं.

जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. मी ऐरोलीच्या एका कंपनीत, अकाउंट्समध्ये. शेकडो पुरवठादारांचे जीएसटी नंबर गोळा करणं, जुनी बिलं जुळवणं, चुकलेली परत मागवणं हे तीन महिने मी केलं. रात्री साडेनऊची ठाणे गाडी ठरलेली. वर्षाअखेरीच्या अप्रेझल फॉर्ममध्ये त्याबद्दल मी एक ओळ लिहिली. साहेब म्हणाले, "हे तू केलंस? मला वाटलं, टीमने केलं." त्या वर्षी माझी श्रेणी मधली आली. मला फार लागलं ते. साहेबांचा राग आला, पण त्याहून जास्त आठवण आली ती 'आपलं आपण सांगू नये' म्हणणाऱ्या आमच्या घराची, ज्या घरावर माझं मनापासून प्रेम आहे.

आता मी आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एकमेकींचे फॉर्म वाचतो. गेल्या मार्चमध्ये तिने माझ्या इंग्रजी मजकुरातल्या नऊ 'वुई'भोवती पेन्सिलीने गोल केले. सहा ठिकाणी मी 'आय' लिहिलं. तीन तसेच ठेवले, कारण ती कामं खरंच आम्ही मिळून केली होती.