रोबोट जळतो, साहेब सुटतो

रोबोटचे सिनेमे मी आवडीने बघतो, पण हल्ली त्यांतल्या रोबोटची भीती वाटेनाशी झालीये. पडद्यावर डोळे लाल झाले, धातूचा हात काच फोडून आत आला की शेजारच्यांचं पॉपकॉर्न हातातच राहतं. मी मात्र याला हे करायला सांगितलं कुणी, ते शोधत बसतो.

ही खोड लागली फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'मुळे. १९२७ चा मूकपट. वर मालकांचे बगीचे, जमिनीखाली कामगारांची वस्ती. कामगारांचा जिच्यावर विश्वास, त्या मारियाचा चेहरा रोबोटला चढवून त्यांच्यात फूट पाडायची, हा हुकूम खुद्द मालकाचा. रोबोट त्यांना भडकवतो, कामगार यंत्रं फोडतात आणि त्यांच्याच वस्तीत पाणी शिरतं. मग चिडलेली गर्दी त्या 'मारिया'ला खांबाला बांधून जाळते. कातडी जळून आतला धातू दिसतो तसे सगळे हबकून मागे सरकतात. आणि मालक? पोराच्या जिवाची थोडी धाकधूक, एवढीच काय ती शिक्षा. शेवटी चर्चच्या दारात फोरमनशी हातमिळवणी करून मोकळा!

'२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मधला हॅल, म्हणजे अंतराळयानाचा संगणक, तर आवाज चढवतसुद्धा नाही. नम्रपणे माणसं मारतो. पण मोहिमेचा खरा हेतू यानातल्या जाग्या माणसांपासून लपवून ठेवायचा, ही कामगिरी त्याच्यावर सोपवलेली होती. खोटं वागायला लावून वर बिनचूकपणाचीही अपेक्षा. यंत्र बिघडणार नाही तर काय होईल? वाचलेला अंतराळवीर बोमन त्याच्या स्मृतीचे ठोकळे एकेक करून सैल करतो तो प्रसंग मी अजून सलग बघू शकत नाही. हॅल म्हणतो, मला भीती वाटतेय. मग 'डेझी बेल' गायला लागतो आणि आवाज घरंगळत खाली जातो. (हेच गाणं १९६१ मध्ये बेल लॅब्जमधल्या आयबीएम ७०४ संगणकाकडून खरोखर गाऊन घेतलं होतं.) तो गप्प झाल्यावर लगेच पडद्यावर एक साहेब उगवतात. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला निरोप: हे गुपित आजवर यानात फक्त हॅललाच ठाऊक होतं. साहेब पृथ्वीवर, सुखरूप.

आपल्याकडचा चिट्टी घ्या. शंकरच्या २०१० च्या 'रोबोट'मध्ये रजनीकांतच्या त्या गुणी बाळात विध्वंसाची लाल चिप बसवतो शास्त्रज्ञ डॉ. बोहरा. तो निदान मरतो तरी, हे कबूल. पण कोर्टात चिपचा उलगडा झाल्यावरही चिट्टीला मोडीत काढायचाच निकाल लागतो, आणि बिचारा स्वतःच्या हातांनी स्वतःला सुटा करत जातो. मारधाडीपेक्षा हे अंगावर येतं.

हे सगळं डोक्यात असताना मध्ये आईला घेऊन बँकेत गेलो. जन्मभर भांडी घासून तिच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्यात, मशीन अंगठा घेईना. काउंटरवरचा पोरगा तिच्याकडे बघत म्हणाला, "आजी, सिस्टीमच घेत नाहीये, मी काय करू?"

आईने पर्स मांडीवर ठेवली. "मग त्या सिस्टीमला बाहेर बोलव ना. मी बोलते तिच्याशी."

पोरगा हसला. वाईट नव्हता, पुसून पुसून दोनदा अंगठा ठेवायला लावला त्याने. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वरून आलंय हो, काका."

"वरून म्हणजे मॅनेजर?"

"छे! त्यांच्याही वरून."

त्या 'वर'पर्यंत जाणारा रोबोटचा सिनेमा कुणी काढला, तर पहिल्या शोला आईला नेईन. मध्यंतरापर्यंत तिला एकही प्रश्न विचारू द्यायचा नाही, हे मात्र जमणं कठीण आहे.