आधी फाइल आणा, मग मीटर बघू

गोव्यात फोंड्याला आमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि काउंटरवर हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक तिशीतले. कुणी बोटीवरचं कॉन्ट्रॅक्ट संपवून आलेला, कुणी वेर्ण्याच्या कंपनीत बऱ्या हुद्द्यावर. मोबाइल पुढे धरतात, त्यावर दोन दारांची बुटकी गाडी, लाल नाहीतर करडी. "भाई, ही अकरा हजारच चाललीय, पण सर्व्हिसचे कागद नाहीत. दुसरीची फाइल पूर्ण आहे, पण रनिंग ऐंशी हजार. कुठली घेऊ?"

जुनी स्पोर्ट्स कार घेताना कमी रनिंग बघायचं की सर्व्हिसची पूर्ण फाइल, हे तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक बेअरिंग मागत उभं असतं आणि माझं सांगणं अर्ध्यावरच राहतं. मी फाइलवाली घेईन. दहातल्या आठ-नऊ वेळा तरी. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, पैसे घालवून शिकलो.

२०१४ साली मी माझी पहिली स्पोर्ट्स कार घेतली. किनाऱ्यालगतच्या एका बंगल्यात उभी असलेली, उघडणाऱ्या कापडी छताची, दोन सीटची जर्मन गाडी. वय नऊ वर्षं, मीटरवर १३,४०० किलोमीटर. मालक परदेशात, वर्षातून दोन-तीन आठवडे इकडे. कव्हर बाजूला केलं तेव्हा आतून नव्या चामड्याचा वास आला. स्टिअरिंगवर हाताची खूण नाही, ब्रेकच्या पेडलवरचं रबर जसंच्या तसं. अर्ध्या तासात मी विसार दिला. घरी आल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "मग इतकी वर्षं तिचं तेल कोण बदलत होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हा मला ते महत्त्वाचंही वाटलं नाही.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि सीटमागचा गालिचा ओला झाला. आमच्या मेस्तांनी, म्हणजे मेकॅनिकनी, गालिचा उचलला, छताच्या कडेला पाणी जायला जे बारीक भोक असतं त्यात तार घातली आणि हळूहळू ओढली. आंब्याची पानं बाहेर आली. काळी, चिकट, एकमेकांना चिकटून दोरीसारखी झालेली. नऊ पावसाळे ती तिथे साठत होती. पाण्याला वाट नव्हती, म्हणून ते छत उघडणाऱ्या मोटरच्या खळग्यात उतरत होतं. मेस्तांनी मोटरचा जोड सोडवला, तर आतल्या पितळी पिना हिरव्या भुकटीनं भरलेल्या. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "शेट, ही गाडी चलूंक ना. कुसली." चालली नाही, कुजली.

त्यानंतर वर्षभर एकेक निघत गेलं. मागचा एक ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणारा भाग, जाम झाला. पिस्टनभोवती गंज धरला होता. मोल्याहून अनमोड घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला, कूलंटचा पाइप सांध्यापाशी चिरला होता. हात लावला तर बिस्किटासारखा मोडला. टायरची नक्षी नव्यासारखी खोल, पण बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ०९०५ होतं. म्हणजे २००५ च्या मार्चच्या सुमारास बनलेल्या रबरावर मी ताशी शंभरनं जात होतो, शेजारी मुलीला बसवून. त्या एका गोष्टीनं मला नंतर कितीतरी रात्री झोप लागली नाही. टायमिंग बेल्टही, म्हणजे इंजिनच्या झडपा वेळेवर उघडणारा पट्टा, मूळचाच निघाला. तो तुटायच्या आधी मेस्तांनी बदलला, हे नशीब. सगळा खर्च मांडला तेव्हा गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा वर गेला होता.

म्हणून मीटरचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. गाडीतल्या निम्म्या गोष्टी किलोमीटरनं झिजतात आणि निम्म्या नुसत्या काळानं. रबर, सील, बेल्ट, होज, तेल, कूलंट हे गाडी धावली नाही तरी काळानं खराब होतातच. ब्रेक ऑइलचंच घ्या. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते. चोर्ल्याचा घाट जोरात उतरताना डिस्क तापतात, तेल उकळतं, वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. गाडी बंगल्यात उभी असली तरी हे पाणी शिरतच असतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, मीटर हललेला असो वा नसो.

आणि आपल्याकडे हवा कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनारपट्टीला खारा वारा, घरातल्या कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत उभ्या गाडीचं काय होत असेल? अधूनमधून दहा मिनिटं सुरू करून बंद केली तर आणखी वाईट, कारण इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही आणि तेलात मिसळतं. तेलाचं झाकण काढून खालच्या बाजूला बोट फिरवा. दुधाच्या सायीसारखा पिवळट थर लागला तर गाडी फक्त गेटपर्यंत जाऊन येत होती असं समजा. थर गाडी नीट चालवल्यावरही पुन्हा आला, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनातलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणाऱ्या पट्टीची, शंका घ्या. पेट्रोलचंही तसंच. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही ओल ओढतं, आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. टाकीत तसंच महिनोन् महिने राहिलं तर पंप आणि इंजेक्टर त्रास देतात.

गोव्यात कमी रनिंगच्या स्पोर्ट्स कार येतात कुठून, याचाही विचार करा. काही तारवट्यांच्या, आठ महिने मालक समुद्रावर आणि गाडी अंगणात. काही बाहेरच्या मालकांच्या, सुट्टीच्या बंगल्यासाठी ठेवलेल्या. काही दिल्लीहून आलेल्या, कारण तिथे पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातल्यापासून जुन्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. अशी गाडी घेताना तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स हे दोन्ही किमतीत धरा. नाहीतर स्वस्त पडलेली गाडी आरटीओच्या खिडकीपाशी महाग होते.

आता फाइल कशी वाचायची. २०१८ साली पहिली गाडी विकून दुसरी घेतली, बेळगावच्या एका डॉक्टरांकडून. मीटरवर ८२,००० किलोमीटर. आठ वर्षांची गाडी, एकच मालक. त्यांनी चहा मागवला आणि निळी बॉक्स फाइल माझ्यापुढे ठेवली. मी आधी फक्त तारखा वाचल्या. दर वर्षी एक बिल, कधी दोन, मधे मोठी पोकळी नाही. मग किलोमीटर वाचले. वर्षाला नऊ ते अकरा हजार, एका चालीनं वाढत गेलेले. तारीख पुढे आणि किलोमीटर मागे असं कुठे दिसलं तर फाइल तिथेच मिटायची. साठ हजारांना गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर. ब्रेक ऑइल दोन-दोन वर्षांनी. चारही टायर एका वेळी, एकाच बनावटीचे.

पण मला पटलं ते एका बिलामागं पेनानं लिहिलेल्या ओळीनं: "सकाळी थंड सुरू करताना दोन सेकंद खडखड. पुढच्या वेळी दाखवणे." आणि पुढच्याच बिलात टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, बदललेला. तक्रार आणि तिचं उत्तर, दोन्ही एकाच फाइलमध्ये. नुसत्या शिक्क्यांनी भरलेल्या पुस्तिकेपेक्षा ही एक ओळ मला मोलाची वाटते, कारण शिक्का कुणीही मारून देतो. माणूस गाडीचा आवाज ऐकत होता की नाही, ते शिक्क्यावरून कळत नाही.

फाइलही खोटी असू शकते, हे मी दुकानदार म्हणून सांगतो. ऑइल फिल्टरचं बिल आहे आणि तेलाचं नाही, तर काहीतरी चुकलंय. टायमिंग बेल्ट घेतला आणि टेन्शनर, रोलर घेतलेच नाहीत, तर काम अर्धवट झालंय. साडेचार लिटर तेल लागणाऱ्या इंजिनाला तीन लिटरचं बिल लागलं तर विचारा, उरलेलं कुठून आलं? शंका आली तर बिलावरच्या गॅरेजला फोन लावा. गाडीचा नंबर सांगितला की खरा मेस्त दुसऱ्या वाक्यात गाडीची खोड सांगतो.

आणखी एक कागद लोक बघत नाहीत, तो म्हणजे विम्याच्या जुन्या पॉलिसी. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वीस टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत पन्नासपर्यंत जातो. पन्नासवरून एकदम शून्यावर आलेला दिसला तर त्याआधी बहुधा क्लेम झालाय. मग "एक ओरखडासुद्धा नाही" असं सांगणाऱ्याला शांतपणे विचारा, त्या वर्षी काय झालं होतं.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मीटरपेक्षा बोलका असतो तो इंजिनचा संगणक. पोर्शचंच उदाहरण देतो. त्यांच्या गाड्यांना स्कॅनर लावला की इंजिन एकूण किती तास चाललं आणि किती वेळा मर्यादेबाहेर फिरवलं गेलं, याची टप्प्याटप्प्यानं नोंद मिळते. वरच्या टप्प्यातली नोंद म्हणजे बहुधा चुकून खालचा गिअर पडलाय. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. तो ताशी दहा-बारा आला तर एकतर गाडी जन्मभर ट्रॅफिकमध्ये धापा टाकत होती किंवा मीटर मागे फिरवलाय. याच कंपनीच्या १९९७ ते २००८ च्या बऱ्याच इंजिनांत आतल्या शाफ्टचं एक बेअरिंग नाजूक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ती इंजिनं उघडणारे कारागीर सांगत आलेत की क्वचित चालणाऱ्या आणि तेल उशिरा बदलणाऱ्या गाड्यांना त्याचा धोका अधिक. म्हणजे तिथे कमी रनिंग ही जमेची बाजू उरतच नाही.

याचा अर्थ किलोमीटरला किंमत नाही असं नव्हे. क्लच, शॉक अॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग हे मुख्यतः चालण्यानंच जातात. ऐंशी हजारांच्या गाडीत हे बदललेलं नसेल तर तो खर्च तुमच्या खिशातून जाणार, आणि तो आधीच किमतीतून वजा करून घ्यायचा. किलोमीटर कुठले तेही बघायला हवं. बेळगाव-पुणे हमरस्त्यावरचे पन्नास हजार एका बाजूला आणि पणजीत अठरा जून नावाच्या गर्दीच्या रस्त्यावर अर्ध्या क्लचवर काढलेले पंधरा हजार दुसऱ्या बाजूला ठेवले, तर मी पन्नास हजार घेईन. आणि कमी चाललेली असूनही दर वर्षी तेल, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, ठरल्या वेळी बेल्ट झालेली गाडी मिळाली तर बाकी काही बघूच नका. फक्त ती स्वस्त मिळत नाही. आणि कोऱ्या फाइलची गाडी मनात भरलीच असेल, तर मेस्तांकडून सगळी रबरं, सगळी तेलं, बेल्ट, टायर, बॅटरी यांचा अंदाज लेखी घ्या, तेवढी रक्कम वेगळी काढा आणि मगच सौदा करा. तेवढे पैसे बाजूला काढता येत नसतील तर ती गाडी आपली नाही.

गेल्या आठवड्यात डिचोलीचा एक मुलगा आला होता, बोटीवर थर्ड इंजिनिअर. अकरा हजार रनिंगची गाडी त्यानं जवळजवळ ठरवलीच होती. मी विचारलं, "तुझ्या बोटीवर लॉगबुक कोरं असलेलं इंजिन तू ताब्यात घेशील?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाई, दुसरी बघायला कधी जाऊ?"

त्याला सांगितलं, रविवारी सकाळी सातला. मालकाला आधीच कळवून ठेव, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा पिऊन परत यायचं, कारण थंड इंजिनाचा आवाज त्यांना आपल्याला ऐकवायचा नाहीये. गार असलं तर चावी फिरवायची आणि पहिली दहा सेकंदं कुणी बोलायचं नाही. मेस्तांना मी सांगून ठेवलंय. स्कॅनर आणि तार ते घेऊन येतील, फाइल मी वाचेन.